खिशातले पिस्तूल

कमरेला उघड लटकणारी तलवार पाहणाऱ्यास सावध करते. अंगरख्याखाली दडविलेले शस्त्र मात्र कोणालाच सावध करीत नाही. आत्मरक्षणासाठी नित्य जवळ वागवावयाच्या पिस्तुलाची निवड अमेरिकेत कसकशी होत गेली, याचा इतिहास या एका अडचणीभोवती फिरत आला आहे.

तेथील समाजाने ही अडचण लवकर ओळखली. केंटकी व लुइझियाना या राज्यांनी १८१३ मध्येच शस्त्र लपवून बाळगण्यास बंदी घातली. उघडपणे शस्त्र धारण करणारा तो सभ्य गृहस्थ आणि लपविणारा तो घातकी, अशी त्या काळची समजूत होती. केंटकीच्या न्यायालयाने १८२२ मध्ये ही बंदी राज्याच्या घटनेविरुद्ध ठरविली; तेव्हा १८५० च्या नव्या घटनेत असा कायदा करण्याचा अधिकार विधिमंडळास स्पष्टपणे देण्यात आला.

शस्त्र निवडणाऱ्यापुढचा प्रश्न वेगळा होता. जवळ बाळगावयाचे शस्त्र लहान हवे, पण लहान शस्त्राची शक्तीही बेताचीच असे. फिलाडेल्फियाचा कारागीर हेन्री डेरिंजर याचे ठासणीचे पिस्तूल तळहातात मावे, परंतु एका बारानंतर ते निकामी होई. म्हणून गिऱ्हाइके त्याची जोडीच विकत घेत. याच बनावटीचे, सुमारे पंधरा सेंटिमीटर लांबीचे पिस्तूल खिशात घालून जॉन विल्क्स बूथ १४ एप्रिल १८६५ च्या रात्री वॉशिंग्टनच्या फोर्ड नाट्यगृहात शिरला आणि त्याने अध्यक्ष लिंकन यांच्यावर गोळी झाडली. रक्षणासाठी विकले जाणारे पिस्तूल मारेकऱ्यालाही तितकेच सोयीचे, हे त्या रात्री जगाला दिसले.

सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत आपल्या रिव्हॉल्व्हरचे पेटंट घेतले. एकदा भरून अनेक बार काढण्याची सोय त्यामुळे झाली. १८५७ मध्ये स्मिथ व वेसन यांनी धातूच्या काडतुसांचे सात बारांचे लहान रिव्हॉल्व्हर काढले. ते खिशात सहज मावे, पण त्याची गोळी फारच दुबळी होती. शिवाय बाहेर आलेला घोडा ऐन वेळी कापडात अडके आणि शस्त्र खाली पडले तर धक्क्याने बार उडण्याचे भय असे. म्हणून जाणते लोक घोड्याखालचे घर रिकामे ठेवीत. सहा बारांच्या शस्त्रात पाचच काडतुसे भरीत. १८८७ मध्ये स्मिथ व वेसन यांनी घोडा आत झाकलेले आणि मूठ घट्ट दाबल्याखेरीज बार न होणारे रिव्हॉल्व्हर विक्रीस आणले. या सुधारणेने प्रथम रक्षण झाले ते शस्त्र बाळगणाऱ्याचेच.

जी गोष्ट शस्त्राची, तीच चामडी म्यानाची. चांगले म्यान चाप पूर्ण झाकते, धावपळीतही शस्त्र घट्ट धरते, आणि हात न पाहता जाईल अशा एकाच ठिकाणी ते ठेवते. नाणी व किल्ल्या यांच्यासंगे सुटे टाकलेले पिस्तूल शत्रूपेक्षा धन्यालाच अधिक घातक असते.

पुढे जॉन ब्राउनिंगने आपोआप भरणारी चपटी पिस्तुले रचली. कोल्ट कंपनीने त्याच्या रचनेची खिशातली पिस्तुले १९०३ व १९०८ मध्ये बाजारात आणली. ब्राउनिंगचे नाव महाराष्ट्रासही परके नाही. १९०९ मध्ये सावरकरांनी लंडनहून वीस ब्राउनिंग पिस्तुले गुप्तपणे हिंदुस्थानात पाठविली. त्यांतील पिस्तुलानेच त्या वर्षीच्या २१ डिसेंबरला अनंत कान्हेरे यांनी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन याचा वध केला. १८७८ च्या शस्त्र कायद्याने बहुतेक हिंदी लोकांच्या हातून शस्त्र काढून घेतले होते. लपविता येणाऱ्या या पिस्तुलाने तो पहारा चुकविला.

न्यूयॉर्क राज्याने १९११ मध्ये अंगावर दडविता येईल अशा पिस्तुलास परवाना आवश्यक केला. १९५० मध्ये स्मिथ व वेसन यांचे आखूड नळीचे पाच बारांचे रिव्हॉल्व्हर आले आणि ते साध्या वेषातील पोलिसांच्या विशेष पसंतीस उतरले. १९८७ मध्ये फ्लोरिडाने ठरीव अटी पुऱ्या करणाऱ्यास परवाना नाकारू नये असा कायदा केला. पुढे तोच मार्ग अनेक राज्यांनी धरला. अर्जदाराने आपली खास गरज सिद्ध करावी, ही न्यूयॉर्कची अट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये रद्द केली. भारताची वाट निराळी आहे: १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार पिस्तूल बाळगण्यास परवाना लागतो, आणि तो मागणाऱ्याची चौकशी आधी होते.

हलके, भरवशाचे आणि बाळगणाऱ्यास निर्धोक असे पिस्तूल घडविणे दीडशे वर्षांच्या कारागिरीने साध्य केले. खिशातले शस्त्र कोणत्या हेतूने बाहेर येईल, हे मात्र पोलादाच्या कोणत्याही खटक्याला ठरविता आलेले नाही. तो विचार परवाना देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला आपापल्या ठिकाणी करावाच लागतो.