डार्विनची छत्री आणि आमची बुंदी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा आपल्या एपिसोडचा लिखित मजकूर. मधले माझे 'म्हणजे'आणि 'अं...' काढलेत, बाकी जसं बोललो तसं.

आज सुरुवात माझ्याच एका रीलपासून करतो. गेल्या जूनमधली गोष्ट. पहिला पाऊस पडून गेला होता. आईने माळ्यावरून छत्र्या काढल्या आणि उघडून गॅलरीत ठेवल्या. त्यात बाबांची ती लांब दांड्याची काळी छत्री. वारा आला, छत्री जरा घरंगळली, आणि आमची बुंदी जमिनीला चिकटली. शेपूट पोटाखाली, कान मागे. मग उलट्या पावलांनी थेट पलंगाखाली.

आता बुंदी म्हणजे काय चीज आहे ते सांगतो. पुलाखालून आणलेली देशी कुत्री. सोसायटीतल्या तीन बोक्यांना पुरून उरते, कुरिअरवाल्याला गेटबाहेर उभं करते. आणि ही छत्रीला घाबरली! मी मोबाईल काढला. मागे ढणढण म्युझिक लावलं, वर 'शेरनी' असं लिहिलं, झाली रील. लाइक्स धो धो आले. मग काय, मी दुसरा टेक घेतला. छत्री तिच्यासमोर फटकन उघडली. मग तिसरा. तिसऱ्या वेळी ती जागच्या जागी फरशीवर मुतली.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि म्हणाली, "अरे, बस कर आता. ती घाबरलीये. नाटक नाही करत."

फरशी पुसताना डोक्यात एक प्रश्न अडकला. छत्रीने बुंदीचं आजवर काहीही वाकडं केलेलं नाही. मग ही भीती येते कुठून? शोधायला बसलो, तर पहिलं नाव निघालं ते थेट चार्ल्स डार्विनचं. आणि तिथेही छत्रीच!

१८७१ साली डार्विनचं 'द डिसेंट ऑफ मॅन' हे पुस्तक आलं. त्यात त्याने आपल्या कुत्र्याचा एक साधा किस्सा सांगितलाय. कुत्रा चांगला मोठा, समजूतदार. उन्हाळ्याचा दिवस, वारा जवळजवळ नाही, कुत्रा हिरवळीवर पसरलेला. थोड्या अंतरावर उन्हाची एक छत्री उघडी पडली होती. मधूनच झुळूक यायची, छत्री हलायची, आणि दर वेळी कुत्रा जोरात गुरगुरायचा, भुंकायचा.

एवढंच. पण डार्विनची नजर बघा. तो म्हणतो, छत्रीजवळ कुणी माणूस उभा असता तर कुत्र्याने तिच्याकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. म्हणजे प्रश्न छत्रीचा नाहीच. छत्री *आपोआप* हलली, हा प्रश्न आहे. डार्विनचा अंदाज असा, की कुत्र्याने झटकन, स्वतःच्याही नकळत हिशोब केला: वस्तू हलतेय, हलवणारं कुणी दिसत नाही, त्याअर्थी न दिसणारं कुणीतरी इथे आहे. आणि माझ्या हद्दीत परक्याचं काय काम?

गंमत म्हणजे हा किस्सा येतो तो माणसांच्या भुताखेतांवरच्या विश्वासाची चर्चा चालू असताना. रात्री दार आपोआप करकरलं की आपल्या पोटात गोळा येतो ना, त्याच रांगेत डार्विनने आपल्या कुत्र्याला बसवलं. बावळट म्हणून नाही हां. विचार करणारा म्हणून.

पण हा झाला अंदाज. तो तपासून कोण बघणार? इथे येतो डार्विनचा तरुण मित्र, जॉर्ज रोमेन्स. वय २९. त्याच्याकडे एक स्काय टेरियर होता. या कुत्र्याला सुकी हाडं उडवून खेळायची सवय. हाड लांब फेकायचं, मग जिवंत शिकार असल्यासारखं त्याच्यामागे धावायचं. रोमेन्सने एका हाडाला बारीक, लांब दोरा बांधला. कुत्र्याला थोडा वेळ खेळू दिलं. मग हाड दूर पडलं असताना हळूच दोरा ओढला.

हाड सरकलं. कुत्रा थबकला. जरा पुढे गेला, हाड आणखी मागे सरकलं. आतापर्यंत हाड 'जिवंत' आहे असं स्वतःच मानून खेळणारा हा गडी, ते खरंच जिवंत निघाल्यावर घाबरून फर्निचरखाली जाऊन बसला आणि तिथून टक लावून बघत राहिला.

दुसरा प्रयोग साबणाच्या फुग्यांचा. गालिच्यावरून फुगे वाऱ्याने सरकत होते. कुत्र्याला कळेना, हे जिवंत आहेत की नाहीत. धीर करून एका फुग्याला पंजा लावला, आणि फुगा गायब! कुत्रा चकित. थोड्या वेळाने त्याने खोलीच सोडली. १८७७ साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात रोमेन्सने हे सगळं छापलं.

म्हणजे बुंदीचा आणि माझा तो छत्रीचा 'टेक टू' दीडशे वर्षांपूर्वीच होऊन गेला होता. फरक इतकाच, की रोमेन्सला काहीतरी शोधायचं होतं. मला लाइक्स हवे होते.

बरं, डार्विनच्या काळात घरात आपोआप हलणाऱ्या, ओरडणाऱ्या वस्तू होत्याच किती? नंतर त्या आल्या. १९०१ साली इंग्लंडमध्ये ह्युबर्ट सेसिल बूथ नावाच्या इंजिनिअरने धूळ ओढून घेणारं यंत्र काढलं. हे आपल्या व्हॅक्यूम क्लीनरचे आजोबा. पण आजोबा इतके अवाढव्य, की घोडागाडीवरून यायचे, रस्त्यावर उभे राहायचे आणि खिडकीतून लांब नळ्या घरात सोडायचे. रस्त्यावरचे भाड्याच्या गाड्यांचे घोडे या आवाजाने बिथरतात म्हणून बूथच्या कंपनीवर नुकसानभरपाईचे दावे लागायचे! म्हणजे व्हॅक्यूम क्लीनरला घाबरण्याची परंपरा कुत्र्यांच्याही आधी घोड्यांनी सुरू केली म्हणा ना.

पुढे ते यंत्र लहान होऊन घरात शिरलं. आपल्याकडे मिक्सर आला, कुकर आला. आणि इथे कानांचा एक मुद्दा आहे. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. कुत्र्याला सुमारे ४५,००० पर्यंत. कुकरच्या शिट्टीने आपण फक्त "तीन झाल्या" असं मोजतो, पण तोच क्षण त्याच्या कानाला आपल्यासारखा असेलच असं नाही.

आता कहाणी कॅनडात जाते आणि जरा गंभीर होते. डोनाल्ड हेब नावाचे मानसशास्त्रज्ञ आधी फ्लोरिडातल्या एका प्रयोगशाळेत चिंपांझींबरोबर काम करत होते. त्यांनी पाहिलं, की चिंपांझीला मातीचं नुसतं चिंपांझीचंच डोकं दाखवलं की मोठे चिंपांझी भयंकर घाबरतात. त्या डोक्याने त्यांना कधी इजा केलेली नव्हती. आणि गंमत अशी, की अगदी लहान पिल्लं फारशी घाबरत नव्हती. १९४६ साली हेबनी यावर लेख लिहिला. म्हणणं असं: चिंपांझी म्हणजे काय हे ज्याला पक्कं माहीत आहे, त्यालाच धड नसलेलं डोकं भयानक वाटणार. ओळखीच्या गोष्टीत काहीतरी बिनसलं, की भीती.

हेब मग माँट्रिअलच्या मॅकगिल विद्यापीठात आले. तिथे रोनाल्ड मेलझॅक हा त्यांचा विद्यार्थी. १९५२ साली त्याचा निबंध आला, नाव 'कुत्र्यांमधल्या अतार्किक भीती'. म्हणजे आपल्या एपिसोडचाच विषय! प्रयोगासाठी स्कॉटिश टेरियर कुत्र्यांचे दोन गट होते. एका गटातली पिल्लं लोकांच्या घरी, लाडात वाढली. दुसऱ्या गटातली पिल्लं बंद पिंजऱ्यांत, जिथून बाहेरचं जगही दिसणार नाही अशी, कित्येक महिने एकटी वाढली. मग दोन्ही गटांना विचित्र पण निरुपद्रवी वस्तू दाखवल्या. हळूहळू फुगत जाणारा फुगा. आणि हो, उघडणारी छत्री.

सांगा बघू, कोण घाबरलं असेल?

मला वाटलं होतं, पिंजऱ्यातले. पण घरी वाढलेले कुत्रे छत्री पाहून सरळ लांब पळाले. पिंजऱ्यातले कुत्रे धड पळालेही नाहीत. ते नुसते पेटले, गोल गोल फिरले, पुढे-मागे उड्या मारत राहिले. कुठे जायचं, कशापासून लांब जायचं, हेच त्यांना उमगत नव्हतं.

आता पुढचं ऐका, जरा जड आहे. १९५७ साली मेलझॅकने आणखी एका सहकाऱ्याबरोबर अशाच कुत्र्यांवर वेदनेचे प्रयोग प्रसिद्ध केले. एकटे वाढलेले कुत्रे पेटत्या काडीत नाक घालायचे. चटका बसला की मागे व्हायचे. आणि परत तिथेच नाक घालायचे. घरी वाढलेला कुत्रा हे कधी करेल का? हे पाहून मेलझॅक इतका हलला, की पुढे आयुष्यभर त्याने वेदनेचाच अभ्यास केला. १९६५ साली पॅट्रिक वॉलबरोबर त्याने मांडलेला 'गेट कंट्रोल' सिद्धांत आजही वैद्यकशास्त्रात शिकवला जातो.

त्या पिंजऱ्यांतल्या पिल्लांचं जे झालं ते वाईटच झालं. आज असल्या प्रयोगाला परवानगी मिळणं अवघड. पण त्यांनी जे दाखवून दिलं ते विसरू नये. छत्रीपासून लांब पळायलासुद्धा डोक्यात जगाचा एक नकाशा लागतो. वस्तू स्वतःहून हलत नाहीत, काठीसारखी बारीक गोष्ट एका क्षणात पंखांसारखी फुगत नाही, हे ज्याला माहीत आहे तोच दचकतो. ज्याला जगच माहीत नाही, त्याला आगीचंही भय नाही.

मग काही कुत्रे जास्त का घाबरतात? इथे अमेरिकेतल्या बार हार्बर गावचं काम उपयोगी पडतं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी तिथे वर्षानुवर्षं पिल्लांचा अभ्यास केला आणि १९६५ साली पुस्तक लिहिलं. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं. त्या काळात जे दिसलं, ऐकलं, हुंगलं ते 'आपलं'. जे राहून गेलं ते नंतर परकं वाटू शकतं. आमची बुंदी पुलाखालून आली तेव्हा पाच महिन्यांची होती. ट्रक, हॉर्न, बोके, माणसं, सगळं तिच्या नकाशात होतं. म्हणून हॉर्नला ती कान हलवत नाही. चार भिंतींच्या आत फटकन उघडणारी काळी छत्री मात्र त्या नकाशात नव्हती.

शेवटचा मुक्काम २०२१. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ३८६ कुत्रापालकांना प्रश्न विचारले, आणि घरातल्या आवाजांना कुत्रे काय करतात याचे इंटरनेटवरचे ६२ व्हिडिओ तपासले. निष्कर्ष असा, की व्हॅक्यूम क्लीनरसारख्या सलग, खालच्या पट्टीतल्या आवाजापेक्षा मधूनच येणारा तीक्ष्ण आवाज कुत्र्यांना जास्त त्रास देतो. उदाहरणार्थ, बॅटरी संपत आलेल्या धुराच्या अलार्मचं ते 'टिक्' वाजणं. आणि दुसरा निष्कर्ष मला जास्त लागला. कुत्रा किती घाबरलाय हे माणसांना कमीच कळतं. व्हिडिओतली बरीच माणसं काळजी करायच्या ऐवजी हसत होती. थरथरणं, पळून जाणं आपल्याला कळतं. पण ओठ चाटणं, मान फिरवणं, उगाच धापा टाकणं, अंग ताठ करणं हीसुद्धा भीतीच असते, हे लक्षात येत नाही.

मी माझी रील परत पाहिली, आवाज बंद करून. म्युझिक नसताना त्यात विनोदी काहीच नव्हतं. पहिल्याच सेकंदाला बुंदी ओठ चाटते, मान वळवते. मला "नको" म्हणून झालं होतं तिचं. मी ऐकलं नव्हतं.

रील काढून टाकली. मग आईच्या सल्ल्याने बाबांची छत्री बंद करून हॉलच्या कोपऱ्यात आडवी ठेवली. काही करायचं नाही, नुसती असू द्यायची. बुंदीचं खाणं आधी खूप लांब, मग रोज थोडं जवळ. ती मागे सरकली तर आपणही मागे. जबरदस्ती नाही, ओरडणं नाही. काही आठवड्यांनी छत्री जरा अर्धी उघडून ठेवली, तीसुद्धा ती खोलीत नसताना, म्हणजे आल्यावर तिला तिच्या वेगाने हुंगता यावी. गणपतीपर्यंत ती छत्रीशेजारून जायला लागली. अजूनही मोठा वळसा घालून जाते. घालू दे. मीसुद्धा रात्री दार करकरलं की दिवा लावतोच.

हसायचंच नाही असं मी म्हणत नाही. काकडीला बघून दचकलेला बहाद्दर पाहिला की हसू येणारच. फक्त हसून झालं की ती वस्तू बाजूला करा. आणि हसण्यासाठी ती परत आणू नका.

तुमच्या घरातला कुत्रा कशाला घाबरतो? केरसुणी, फुगा, मिक्सर, आजोबांची काठी? व्हॉइस नोट पाठवा, निवडक पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवेन. पण कुकरची शिट्टी होत असताना रेकॉर्ड करू नका. बुंदी शेजारीच बसून ऐकत असते.

भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!