जहाजतोडणी

जहाजतोडणी : आयुष्य संपलेले जहाज कापून त्यातील पोलाद, यंत्रे, तारा व इतर सामान पुन्हा वापरात आणण्याचा उद्योग. वजनाने पाहता जहाज म्हणजे बहुतांशी पोलादच आणि ते जवळजवळ सगळे विकले जाते. खनिज खणून, कोळसा जाळून नवे पोलाद करण्यापेक्षा भंगार वितळवणे किंवा पत्रे तापवून त्यांच्या सळ्या काढणे पर्यावरणाच्या दृष्टीने केव्हाही बरे. तरीही श्रीमंत आणि विकसनशील देशांमधील पर्यावरणविषयक वादात या उद्योगाचे नाव सतत येते. पोलादाबरोबर येणाऱ्या विषाचा हिशेब जहाजाच्या किमतीत धरलेला नसतो, हे त्याचे कारण.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हे काम मुख्यतः ब्रिटन, अमेरिका व युरोपातील गोद्यांमध्ये चाले. तेथे मजुरी वाढली, कामगारांच्या सुरक्षिततेचे आणि कचऱ्याच्या विल्हेवाटीचे नियम कडक झाले, तसे ते तैवान व दक्षिण कोरियाकडे आणि १९८०च्या दशकात दक्षिण आशियाकडे सरकले. बांगलादेशात चितगावजवळचे सीताकुंड, पाकिस्तानात गडानी आणि भारतात गुजरातच्या भावनगर जिल्ह्यातील अलंग ही त्याची मोठी केंद्रे. अलंगला १९८३ मध्ये पहिले जहाज लागले.

अलंगची निवड निसर्गानेच केली असे म्हणता येईल. खंबायतच्या आखातात भरती-ओहोटीतील फरक देशात सर्वाधिक आहे आणि किनारा मंद उताराचा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जहाज पूर्ण वेगाने किनाऱ्यावर चढवतात. पाणी ओसरले की ते चिखलात उभे राहते. मग गॅस कटरने त्याचे एकेक अंग उतरवले जाते. कोरडी गोदी बांधण्याचा खर्च यात वाचतो, पण तेल, रंगाचे कपचे आणि गाळ अडवायला खाली काँक्रीटची फरशी नसते. पुढची भरती ते सगळे आखातात नेते.

जुन्या जहाजांच्या इंजिनखोलीत व नळांच्या वेष्टनात ॲस्बेस्टॉस असते, तारांमध्ये पीसीबी रसायने, रंगात शिसे आणि बुडाच्या लेपात शंख-शिंपले चिकटू नयेत म्हणून घातलेली कथिलाची संयुगे. स्फोट आणि पत्रा कोसळणे हे धोके निदान दिसतात. नोव्हेंबर २०१६ मध्ये गडानीला तेलवाहू जहाजावर लागलेल्या आगीत वीसहून अधिक कामगार गेले, तेव्हा जगाने दखल घेतली. ॲस्बेस्टॉसचा तंतू मात्र फुप्फुसात वीस-तीस वर्षे दबा धरून बसतो. ओडिशा, बिहार, झारखंड, उत्तर प्रदेशातून आलेला मजूर तोवर गावी परतलेला असतो. त्याच्या आजाराची नोंद अलंगच्या नावावर पडत नाही, आणि नोंद नसल्यामुळे धोकाच नाही असा युक्तिवाद करणे सोपे जाते. या उद्योगातील हा सर्वांत मोठा अन्याय होय.

घातक कचरा गरीब देशांवर लोटण्याची प्रकरणे १९८०च्या दशकात उघडकीला आली. फिलाडेल्फियाच्या कचराभट्टीची हजारो टन राख ‘खियान सी’ या जहाजाने १९८८ मध्ये हैतीच्या किनाऱ्यावर खत म्हणून उतरवली होती. अशा घटनांच्या पार्श्वभूमीवर १९८९ मध्ये घातक कचऱ्याच्या देशोदेशींच्या वाहतुकीविषयीचा बाझेल करार झाला. विकसित देशांतून विकसनशील देशांत घातक कचरा पाठवण्यावर बंदी घालणारी दुरुस्ती १९९५ मध्ये मंजूर झाली, पण ती अमलात यायला २०१९ साल उजाडले. जहाजांच्या बाबतीत या कराराची पकड सैलच राहिली. चालते जहाज हे जहाज असते, मालकाने मोडीत काढायचे ठरवल्यावरच ते कचरा ठरते, आणि तो हेतू लपवता येतो. रोख पैसे मोजणारा मध्यस्थ जहाज घेतो, शेवटच्या फेरीपुरता कोमोरोस किंवा पलाऊसारख्या देशाचा झेंडा लावतो आणि मूळ मालक कागदोपत्री नाहीसा होतो.

सरकारी जहाजाला ही पळवाट नसते. म्हणूनच फ्रान्सच्या ‘क्लेमान्सो’ या विमानवाहू युद्धनौकेचे प्रकरण गाजले. ३१ डिसेंबर २००५ रोजी ती तुलाँहून अलंगकडे निघाली. काही ॲस्बेस्टॉस तेथेच काढले होते, पण उरलेल्याचे आकडे एकमेकांशी जुळेनात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच तोडणीसाठी येणारी जहाजे आधी विषमुक्त करण्याचा दंडक घातला होता. जानेवारी २००६ मध्ये न्यायालयाने या नौकेला तूर्त भारतीय हद्दीत येऊ देऊ नये असे सांगितले. फ्रान्समध्ये सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने निर्यातीला स्थगिती दिली आणि राष्ट्राध्यक्ष जॅक शिराक यांनी भारतभेटीच्या तोंडावर, १५ फेब्रुवारीला, ती परत बोलावली. पुढे इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती तोडली गेली. श्रीमंत देशात असे काम करता येते, खर्च तेवढा सोसावा लागतो, हे त्यातून दिसले.

भारतात अलंगखेरीज मुंबईतही, रे रोडजवळच्या दारूखान्यात, जहाजतोडणी जुनी आहे. भारताची पहिली विमानवाहू नौका ‘विक्रांत’ २०१४ मध्ये तेथेच मोडीत निघाली.

जहाजांसाठीचा स्वतंत्र हाँगकाँग करार २००९ मध्ये झाला. भारत २०१९ मध्ये त्यात सामील झाला व त्याच वर्षी जहाज पुनर्चक्रीकरणाचा कायदा संसदेत संमत झाला. २६ जून २०२५ पासून हा करार अमलात आहे. त्याच्या कक्षेत येणाऱ्या प्रत्येक जहाजाबरोबर घातक पदार्थांची यादी आणि तोडणीच्या प्रत्येक आवाराला परवाना त्याने बंधनकारक केला. किनाऱ्यावर जहाज चढवण्यास मात्र तो मनाई करत नाही, आणि विषमुक्तीचा खर्च मूळ मालकाने द्यावा असेही कोठे म्हणत नाही.