सोहारचा ट्रॅक्टर

या स्मरणिकेसाठी आम्ही घरोघरचे जुने फोटो मागवले, तेव्हा आलेल्या गठ्ठ्यात एक कृष्णधवल फोटो होता. खजुरीच्या झाडांपुढे ट्रॅक्टर, त्यावर अर्ध्या बाह्यांच्या शर्टातले एक गृहस्थ, शेजारी उभा एक मुलगा. मागे शाईने लिहिलेले : ‘सोहार, १९५९’. आजोबा त्या वर्षी ओमानला आले, असे घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते आणि त्याला लेखी पुरावा हाच एक. त्यामुळे फोटो छापण्याआधी तारीख तपासणे भाग होते.

साल अशक्य नव्हते. १९५८ मध्ये ब्रिटिश मदतीने मस्कतच्या सुलतानाचे विकास खाते सुरू झाले. कर्नल ह्यू बूस्टेड त्याचे प्रमुख होते आणि सोहार व निझवा येथे प्रायोगिक शेते उभी राहिली. बातिना किनाऱ्यावर तोवर विहिरीचे पाणी बैलांनीच उपसले जाई, म्हणजे आपली मोटच. अशा ठिकाणी यंत्राची जाण असलेला माणूस हवाच असणार.

आता ट्रॅक्टर. एका सभासदांनी पाहताक्षणी सांगितले, “हा आमच्या गावचा इंटरनॅशनल बी-२७५.” गावच्या आठवणी अशा पटकन धावून येतात! पण महिंद्र, व्होल्टास आणि इंटरनॅशनल हार्वेस्टर यांची भारतातली ट्रॅक्टर कंपनी १९६३ ची. देशी बी-२७५ त्यानंतरचा. शिवाय बॉनेटच्या नाकावर तीन त्रिकोणांचे चिन्ह भिंगातून स्पष्ट दिसते. ते मॅसी फर्ग्युसनचे.

बॉनेटच्या बाजूला ‘३५’ आकडाही दिसतो, आणि इथे कुटुंबाची बाजू भक्कम वाटू लागली. कारण फर्ग्युसनचा ३५ हा १९५६ पासूनचा, १९५७ च्या अखेरीपासून तोच मॅसी फर्ग्युसन ३५ म्हणून विकला गेला. १९५९ शी अगदी जुळते. पण आकड्याच्या आधीची जागा त्या मुलाच्या खांद्याआड गेली आहे! तिथे ‘१’ असेल तर तो १३५ होतो, आणि १३५ बाजारात आला तो १९६४ च्या अखेरीस.

रंगाने निकाल लागला असता असेही नाही. फोटो कृष्णधवल, आणि ट्रॅक्टर तर पुन्हा पुन्हा रंगवले जातात. इंजिनावरही भिस्त ठेवता येत नाही, दोन्ही मॉडेलांत पर्किन्सचे तीन सिलिंडरचे इंजिन येई. निर्णय दिला तो बॉनेटने. ३५ चे बॉनेट गोलसर, कडा वळवलेल्या. १३५ चे चौकोनी, सरळ कडांचे. फोटोतले बॉनेट पेटीसारखे आहे. म्हणजे हा १३५, आणि फोटो १९६४ च्या आधीचा नव्हे.

हे घरच्यांना सांगणे जड गेले. फोनवर काही क्षण कोणी बोललेच नाही. मग आजोबांच्या सुनेने फोटो परत मागवून मागची बाजू उजेडात धरली : ‘सोहार’ एका शाईत आणि ‘१९५९’ दुसऱ्या. साल बहुधा मागाहून, आल्याची आठवण म्हणून लिहिले गेले. त्यामुळे आजोबांचे येणे खोटे ठरत नाही, फक्त हा फोटो त्याचा पुरावा राहत नाही. स्मरणिकेत आम्ही ओळ छापली आहे : ‘सोहार, १९६४ नंतर’.

नेमके साल ट्रॅक्टरच्या पट्टीवरूनच कळेल. १३५ मध्ये ती स्टिअरिंगजवळ, मीटरच्या फळीवर असते. तिच्यावरचा क्रमांक वर्षवार यादीशी ताडून पाहता येतो. इंजिनाचा क्रमांक वेगळा, तो चालणार नाही, कारण इंजिने बदलली जातात. बातिनाच्या कुठल्या बागेत असा जुना १३५ पडलेला कोणी पाहिला असेल, तर पट्टीवर खडू घासून तिचा फोटो काढावा आणि आमच्याकडे पाठवावा.