मावळातला एक छापील धडा

आमच्या परंदवडीच्या शेजारचे तळेगाव दाभाडे म्हटले की पैसाफंडाचा काच कारखाना आठवतो. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एकेक पैसा गोळा केला आणि १९०८ साली त्यातून कारखाना उभा राहिला. त्याच तळेगावात त्या काळी समर्थ विद्यालय नावाची शाळाही होती. स्वतंत्र विचार छापण्याची किंमत काय असते, हे त्या शाळेच्या संस्थापकांनी भोगले.

ते संस्थापक म्हणजे प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजातले प्राध्यापक. ‘ग्रंथमाला’ हे मासिक त्यांनी १८९४ मध्ये सुरू केले, पुढे ‘समर्थ’ साप्ताहिक आणि ‘विश्ववृत्त’ मासिक काढले. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांचे लेखन त्यांनी छापले. ज्ञान इंग्रजीतूनच मिळते, ही समजूत मोडायची, तर आधी मराठीत वाचायला काहीतरी हवे, असा त्यांचा साधा हिशेब. मासिक आणि शाळा ही त्यांच्या लेखी एकाच कामाची दोन अंगे होती.

१९०८ मध्ये ‘विश्ववृत्ता’त ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला. लेखक होते श्रीपाद दामोदर सातवळेकर, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले चित्रकार. सरकारला त्यात राजद्रोह दिसला. विजापूरकरांना तुरुंगवास झाला. पुढे ‘रागिणी’ कादंबरीमुळे नावाजलेले वामन मल्हार जोशी यांनाही झाला. मुद्रकही सुटला नाही. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. ती सर्वांना ठाऊक आहे, पण खिळे जुळवणारा छापखाना कुणाच्या लक्षात राहतो? सरकारच्या मात्र तो नीट लक्षात होता. १९१० च्या प्रेस ॲक्टने नव्या छापखानदाराकडून ५०० ते २००० रुपये जामीन मागण्याची सोय केली. लेखकाला धाक घालण्यापेक्षा छापणाऱ्याला घातलेला स्वस्त पडतो. समर्थ विद्यालयही सरकारने बंद पाडले. सुटून आल्यावर विजापूरकरांनी तळेगावातच नवीन समर्थ विद्यालय काढले.

मी मुसलमान, मराठीत कविता लिहिणारा. त्या लेखातल्या प्रार्थना माझ्या घरच्या नव्हेत. पण त्या छापण्याचा हक्क माझाही आहे, कारण माझी कविता त्याच हक्कावर उभी आहे. म्हणूनच विजापूरकरांना मान देताना एक प्रश्नही विचारावा लागतो. परका गेल्यावर जे स्वराज्य येईल, त्यात कोणाचा आवाज असेल?

हा प्रश्न महात्मा फुल्यांनी आधीच विचारला होता. १८७३ ची ‘गुलामगिरी’ त्यांनी अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केली. शेतकऱ्याचे दुःख जगाच्या नकाशावर नेऊन ठेवले. तोच धागा धरून मुकुंदराव पाटलांनी १९१० मध्ये, म्हणजे प्रेस ॲक्टच्याच वर्षी, ‘दीनमित्र’ सुरू केला. नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो पन्नास वर्षांहून अधिक काळ निघत राहिला. शहरातल्या पत्रांनी इंग्रजाला जाब विचारला. ‘दीनमित्रा’ने सावकाराला आणि भटभिक्षुकालाही विचारला. दोन्ही जाब मिळूनच स्वातंत्र्याची मागणी पुरी होते.

स्वातंत्र्यानंतरही काम संपले नाही. १९५४ मध्ये अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांनी ‘शब्द’ काढले. कोलटकरही जे. जे.चेच विद्यार्थी. मग साठच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी लघुअनियतकालिके आली. पाने थोडी, प्रती थोड्या. पण प्रस्थापित मासिकांच्या दारात न ताटकळता लिहिता येते, हे त्यांनी दाखवले. ढाले पुढे दलित पँथरमध्ये गेले; शहाण्यांच्या प्रास प्रकाशनाने १९७७ मध्ये कोलटकरांचा मराठी कवितासंग्रह छापला.

आज छापणे सोपे झाले आहे. पण जे कोणी छापत नाही ते आपण छापायचे, आणि त्याखाली आपले नाव घालायचे, हे अजूनही सोपे नाही. पैसाफंडाने एकेका पैशातून भट्टी पेटवली होती. लहान मासिकेही अशीच चालतात, वर्गणीदाराच्या पैशावर. तेव्हा मंडळी, एखादे लहान मासिक हाती आले तर नुसते चाळून ठेवू नका. त्याची वर्गणी भरा.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)