रस्ते-अपघातातील जखमींचे पुनर्वसन : पिंपरी पेंढार परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

जुन्नर तालुक्यातील पिंपरी पेंढार हे गाव कल्याण–अहमदनगर (आता अहिल्यानगर) महामार्गावर वसलेले आहे. हा मार्ग पूर्वेस आळेफाटा येथे पुणे–नाशिक महामार्गाला छेदतो व पश्चिमेस ओतूरवरून माळशेज घाटाकडे जातो. अशा गावांतील अपघातांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास पंचनामा, केसपेपर व न्यायाधिकरणाचा निवाडा ही साधने उपलब्ध होतात. अपघाताची नोंद होते. बरे होण्याची होत नाही. घरी परतलेला जखमी कागदपत्रांतून नाहीसा होतो.

पुणे जिल्ह्यात पुनर्वसनाची परंपरा नव्हती असे म्हणता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात अवयव गमावलेल्या सैनिकांसाठी १९४४ मध्ये पुण्यात कृत्रिम अवयव केंद्र स्थापन झाले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये स्टोक मँडेव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मज्जारज्जूच्या जखमींसाठी विभाग सुरू केला. खडकीचे पक्षाघातग्रस्त सैनिकांचे पुनर्वसन केंद्र १९७४ चे. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ मध्ये हायडेलबर्ग येथे अपंगांच्या ऑलिंपिकमध्ये जलतरणाचे सुवर्णपदक मिळविले. नागरिकांसाठी मुंबईत हाजी अली येथे १९५५ मध्ये संस्था उभी राहिली खरी. परंतु दीर्घ पुनर्वसनाची कल्पना मुख्यतः सैनिकाभोवतीच वाढली. टेम्पोखाली पाय सापडलेला शेतमजूर तिच्या परिघाबाहेर राहिला.

मनाच्या जखमेचीही कथा याहून फारशी वेगळी नाही. रेल्वे-अपघातातून वाचलेल्यांच्या दीर्घकालीन तक्रारींची चर्चा जॉन एरिक्सन यांनी १८६६ मध्येच केली होती. तथापि आघातोत्तर तणाव-विकाराला अमेरिकन मनोविकार वर्गीकरणात स्थान मिळाले ते १९८० साली, आणि त्यामागेही व्हिएतनाम युद्धातून परतलेल्या सैनिकांचा प्रश्न होता. ग्रामीण मराठीत ‘धसका घेतला’, ‘हाय खाल्ली’ हे शब्दप्रयोग त्याआधीपासून रूढ आहेत. भाषेला हा आजार ठाऊक होता, दवाखान्याला नव्हता. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम देशात १९९६ मध्ये सुरू झाला.

कायद्याने हा प्रश्न प्रामुख्याने पैशात मोजला. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ च्या दुरुस्तीने दावा न्यायाधिकरणे आली; १९८२ मध्ये दोष सिद्ध न करताही मृत्यू व कायमच्या अपंगत्वाबद्दल ठराविक भरपाईची तरतूद झाली. कमरेखाली लुळेपणा आलेल्या जखमीच्या हत्तंगडी खटल्यात (१९९५) सर्वोच्च न्यायालयाने वेदना व जीवनातील आनंदाची हानी यांचा स्वतंत्र विचार केला. राजकुमार खटल्यात (२०१०) अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईच्या हानीची टक्केवारी नव्हे, हे स्पष्ट झाले. डावा हात गमावलेला सुतार आणि कारकून यांचे नुकसान सारखे नसते. उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या स्त्रीच्या न वाकणाऱ्या गुडघ्याला हाच न्याय लागू पडतो.

मात्र निवाडा एकदाच होतो, आणि रक्कमही बहुधा एकदाच ठरते. १९८८ च्या कायद्यातील दाव्याची सहा महिन्यांची मुदत १९९४ मध्ये वगळण्यात आली होती. २०१९ च्या दुरुस्तीने ती परत आणली व १ एप्रिल २०२२ पासून ती अमलात आली. या तरतुदीला न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे. मांडीचे हाड मोडलेला मनुष्य सहा महिन्यांनी अनेकदा काठीच्या आधारानेच चालत असतो. मेंदूला मार लागलेल्याचा चिडचिडेपणा किंवा विसराळूपणा हा जखमेचा परिणाम आहे, हे तोवर घरच्यांच्याही ध्यानात आलेले नसते.