प्लेगचा जमाखर्च

मुंबईत १८९६च्या सप्टेंबरात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. पुढच्याच फेब्रुवारीत सरकारनं साथरोग कायदा केला. अवघी चार कलमं! सद्‌भावनेनं काम करणाऱ्यावर दावा लावता येणार नाही, असं चौथं कलम ठणकावून सांगतं. नुकसानभरपाईचा उल्लेखही आहे. पण तो कंसात, दिलीच तर, अशा सुरात. मला ते फार खटकतं.

पुण्यात रँडसाहेबांच्या हुकमानं गोरे सोजीर घरोघर शिरले. माजघर, देवघर काही सुटलं नाही. रोगी इस्पितळात, घरची माणसं छावणीत आणि कित्येकांचं सामान आगीत. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, ती कथा आपण शाळेपासून ऐकतो.

मला सांगायचंय ते वेगळंच. साथ अडवणं गरजेचं होतंच. पण तिचा खर्च कोणाच्या माथी पडला? ज्याचं बिऱ्हाड जळलं, मजुरी बुडाली, त्याच्या. आणि लाभ तरी खात्रीचा होता का? प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी कराचीत दाखवलं ते १८९८ साली. म्हणजे नुकसान रोख, लाभ उधार!

हाच कायदा २०२० साली करोनात पुन्हा बाहेर निघाला. तेव्हा पायी गावी निघालेले मजूर आठवा. लाभ साऱ्या गावाचा असेल, तर खर्चही साऱ्या गावानं वाटून घ्यावा. मी तरी न्याय यालाच म्हणतो.