दोष कुणाचा? जुळवलेल्या संगणकाचा एक इतिहास

'असेंबल्ड' हा शब्द मराठी मध्यमवर्गीय घरात गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात शिरला आणि बघता बघता घरचाच होऊन गेला. 'तुमचा कॉम्प्युटर कंपनीचा की असेंबल्ड?' हा प्रश्न तेव्हा पनवेल, कल्याण, चिपळूण, सांगली अशा कुठल्याही गावात विचारला जाई. मदरबोर्ड एका कंपनीचा, प्रोसेसर दुसरीचा, रॅम तिसरीची, आणि या सर्वांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय बहुधा ज्याचे नाव कुणी ऐकलेले नसे अशा कारखान्यातला. किंमत कमी पडे, हवे ते भाग निवडता येत, पुढेमागे वाढवता येत. या सोयीच्या पोटात मात्र एक अडचण होती. असा संगणक काम करता करता अचानक थिजला, निळा पडदा दाखवून बसला किंवा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला, तर जाब कुणाला विचारायचा? जुळवलेल्या यंत्राला अनेक जनक असतात आणि पालक कुणीच नसतो.

या अडचणीचा इतिहास लिहिण्याजोगा आहे, असे मला वाटते. आपल्याकडे संगणकाचा इतिहास म्हटला की सॉफ्टवेअर कंपन्या, परदेशी चलन आणि यशोगाथा यांचीच उजळणी होते. यंत्र बंद पडल्यावर त्याच्यापाशी बसणाऱ्या माणसाचा इतिहास वेगळा आहे. तो निराळ्या प्रकारच्या ज्ञानाचा इतिहास आहे.

त्याची सुरुवात मुंबईतच होते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५०च्या दशकाच्या मध्यास आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली तरुणांचा एक गट संगणक बांधायला बसला. नरसिंहन वगळता गटातील कुणीही तोवर संगणक वापरलेला नव्हता; बांधणे तर दूरच. १९५६ मध्ये त्यांचे प्रायोगिक यंत्र चालू लागले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचे यंत्र उभे राहिले. १९६२ मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण झाले. सुमारे २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड, १२,५०० रोधक आणि फेराइटच्या कड्यांवर विणलेली २,०४८ शब्दांची स्मृती, प्रत्येक शब्द ४० बिटांचा. परकीय चलनाच्या टंचाईच्या त्या काळात सुटे भाग मिळवून, स्वतःच्या आराखड्यानुसार ते जोडलेले होते. 'घरी बांधलेला संगणक' ही संज्ञा देशाच्या पातळीवर लावायची झाली तर ती टिफ्रॅकला शोभते.

अशा यंत्राचा स्वभाव कसा असतो, याची कल्पना त्या पिढीतील इतर यंत्रांवरून येते. अमेरिकेतील एनिॲकमध्ये, ज्याचे जाहीर प्रदर्शन १९४६ मध्ये झाले, सुमारे अठरा हजार नलिका होत्या. नलिका जळण्याचे प्रसंग बहुतांशी यंत्र चालू-बंद करताना, तापण्या-निवण्याच्या ताणाने घडतात असे लक्षात आल्यावर ते शक्यतो बंदच करायचे नाही असे ठरले. एमआयटीच्या 'व्हर्लविंड' यंत्रावर काम करणाऱ्यांनी याहून चतुर युक्ती काढली. ठरावीक वेळी ते यंत्राच्या भागांना दिला जाणारा विद्युत्-दाब मुद्दाम वरखाली करत. निरोगी नलिका तेवढा छळ सोसे. मरणपंथाला लागलेली नलिका मात्र त्याच वेळी उघडी पडे आणि ऐन गणितात दगा देण्याआधी बदलली जाई. दोष प्रकट होण्याची वाट न पाहता त्याला डिवचून बाहेर काढावे, ही कल्पना पुढील साऱ्या निदानशास्त्राचा पाया ठरली. हार्वर्डच्या 'मार्क २' यंत्राच्या रिलेत १९४७ मध्ये सापडलेला पतंग नोंदवहीत चिकटवून ठेवल्याची कथा सर्वांना ठाऊक असते. 'बग' हा शब्द मात्र त्याहून जुना आहे. एडिसनने तो एकोणिसाव्या शतकातच वापरला होता. त्या कथेतून ध्यानात ठेवायचे ते एवढेच, की संगणकशास्त्रातला सर्वांत प्रसिद्ध 'बग' हा आज्ञावलीतला नव्हता, यंत्रात शिरलेला होता.

टिफ्रॅकचे आयुष्य अल्प ठरले. १९६४ मध्ये संस्थेत सीडीसी ३६०० हे परदेशी यंत्र आले आणि स्वतः बांधण्याचा तो अध्याय मिटला. त्यानंतर आलेले वळण आजच्या वाचकाला कदाचित ठाऊक नसेल. देशातील मोठ्या कार्यालयांत आयबीएमची यंत्रे होती. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्यातील भागभांडवलाच्या अटीवरून वाद होऊन आयबीएमने १९७८ मध्ये भारतातून काढता पाय घेतला. यंत्रे राहिली, त्यांचा कर्ता निघून गेला. त्यांची देखभाल १९७५ मध्ये स्थापन झालेल्या, सरकारी मालकीच्या कॉम्प्युटर मेंटेनन्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे सीएमसीकडे आली. एखाद्या देशाने संगणक-दुरुस्तीसाठी सार्वजनिक कंपनी चालवावी ही आज नवलाची गोष्ट वाटते. परंतु दुसऱ्याने बनवलेले यंत्र, त्याच्या मदतीवाचून, समजून घेऊन चालते ठेवणे ही विद्या येथे अशा रीतीने गरजेपोटी रुजली.

घरगुती संगणकाची पार्श्वभूमी वेगळी आहे. १९८१ मध्ये बाजारात आलेला आयबीएम पीसी बहुतांशी इतर कंपन्यांकडून विकत घेतलेल्या भागांचा होता आणि त्याचा तांत्रिक तपशील छापून उपलब्ध होता. त्यामुळे त्याच्या नकला झाल्या आणि सुट्या भागांचीच एक जागतिक बाजारपेठ तयार झाली. भारतात नोव्हेंबर १९८४च्या नव्या संगणक धोरणाने आयातीची दारे किलकिली केली, १९९१ नंतर ती अधिक उघडली. १९९७ मध्ये भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाला आणि सुट्या भागांवरील आयातशुल्क टप्प्याटप्प्याने उतरत गेले. मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड (कागदोपत्री डॉ. भडकमकर मार्ग) आणि पुण्याच्या बुधवार पेठेतली तापकीर गल्ली ही या व्यापाराची मराठी मुलखातली तीर्थक्षेत्रे. आधी रेडिओ, मग टेप, मग दूरचित्रवाणी आणि त्यानंतर संगणक अशा पायऱ्यांनी तिथली दुकाने आणि तिथले कारागीरही बदलत गेले.

पनवेल या कथेत येते ते दोन कारणांनी. एक, माणसे. खाडीकाठच्या व्यापारी गावाला, जिथे १८५२ पासून नगरपालिका होती, सिडकोने नवे पनवेल जोडले आणि १९९८ मध्ये हार्बर मार्गाची लोकल इथवर आली. मुंबईत नोकरी आणि पनवेलला घर असणारा वर्ग वाढला. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला कॅबिनेटचा खोका मांडीवर घेऊन लोकलने घरी आणणे या वर्गाला परवडणारे होते. आणलेले यंत्र बिघडले की तोच खोका उलट्या दिशेने वाहून नेणे मात्र जिवावर येई. म्हणून निदान घरीच करणे भाग पडे. दुसरे कारण हवापाण्याचे. चार महिन्यांचा कोकणी पाऊस, खाडीवरून येणारी खारट दमट हवा आणि तिच्या जोडीला वीज. मुंबई शहराचा वीजपुरवठा स्वतंत्र वितरकांकडे असल्याने तिथे दिवे सहसा जात नसत. खाडी ओलांडली की महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे, आणि २००५ नंतर महावितरणचे क्षेत्र सुरू होई. त्या दशकातले भारनियमन, वीज परतताना येणारा झटका, संध्याकाळी खाली जाणारा दाब आणि नावापुरते अर्थिंग हे सारे त्या स्वस्त पॉवर सप्लायला झेलावे लागे. एटीएक्स मानकानुसार १२ व्होल्टची वाहिनी ११.४ ते १२.६ यांच्या बाहेर जाता कामा नये, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ यांच्या. ही पाच टक्क्यांची मर्यादा मोडली की संगणक बंदच पडेल असे नाही. तो खोटे बोलू लागतो. स्मृतीतला एखादा बिट उलटतो आणि दोष दिसतो तो भलत्याच ठिकाणी.

इथे खरा पेच आहे. यंत्राचा बिघाड आज्ञावलीच्या बिघाडाचे सोंग घेऊन येतो. म्हणूनच गावोगावच्या दुकानांत पहिला उपाय ठरलेला असे: 'फॉरमॅट मारून टाकू.' विंडोज पुन्हा घातली जाई, घरातली छायाचित्रे आणि श्रीलिपीत टंकलेला मजकूर त्यात वाहून जाई, आणि आठवड्याने निळा पडदा परत येई.

जाणता कारागीर आधी बिघाडाचा स्वभाव विचारी. दरवेळी त्याच जागी, तोच संदेश देऊन बंद पडत असेल तर संशय आज्ञावलीवर किंवा ड्रायव्हरवर. दरवेळी निराळा संदेश, निराळी जागा असेल तर स्मृती किंवा वीज. सुरू केल्यावर पंधरा मिनिटांनी बंद पडत असेल तर उष्णता. पंखा धुळीने जाम झालेला किंवा प्रोसेसरवरचा लेप वाळलेला. खेळ किंवा सीडी-लेखन सुरू करताच मान टाकत असेल तर पॉवर सप्लायला भार पेलत नाही. आणि पावसाळ्यात सकाळी पहिल्या प्रयत्नाला नुसताच 'बीप बीप' करत असेल, तर रॅमच्या कडेवरचे संपर्क काळवंडलेले. मग पट्टी काढून शाळकरी पेन्सिलीच्या खोडरबराने ती हलकेच घासली जाई, भुकटी झटकून परत बसवली जाई, आणि यंत्र उठून बसे.

एवढ्याने भागले नाही तर खरी पद्धत सुरू होई. सगळे सुटे करायचे. बोर्ड, प्रोसेसर, रॅमची एक पट्टी आणि पॉवर सप्लाय एवढ्यांवर यंत्र चालते का पाहायचे. मग एकेक भाग जोडत जायचे, एका वेळी एकच. संशयित भाग काढून खात्रीचा भाग घातला आणि दोष गेला, संशयित परत घातला आणि दोष आला, की निर्णय झाला. न्यायशास्त्रात याला अन्वय-व्यतिरेक म्हणतात: हे असता ते असते, हे नसता ते नसते. आयुर्वेदाच्या निदानपंचकातला 'उपशय' हाही याच जातीचा: उपचार करून पाहावा आणि गुण येतो की नाही यावरून रोग ओळखावा. कारागिराने यापैकी काही वाचलेले असण्याचे कारण नव्हते. तो त्याच निष्कर्षाला हाताने पोहोचला होता. आणि रात्रभर मेमटेस्ट लावून स्मृतीचा प्रत्येक कप्पा पुनःपुन्हा लिहून-वाचून तपासणे, हे व्हर्लविंडवाल्यांच्या डिवचण्याचेच घरगुती रूप होते.

या पद्धतीचा कस लागतो तो दोष खरोखर निर्मात्याचा असतो तेव्हा. १९७०च्या दशकाच्या अखेरीस इंटेलच्या स्मृतिचिपांतले बिट विनाकारण उलटू लागले. टिमथी मे आणि मरे वुड्स यांनी माग काढला, तो चिपच्या आवरणातल्या किरणोत्सारी अशुद्धीपर्यंत पोहोचला. तिच्यातून निघणारे अल्फा कण स्मृतीतला भार विस्कटत होते. १९९४ मध्ये व्हर्जिनियातील गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांना जुळ्या मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करताना आकडे जुळेनात. स्वतःची आज्ञावली, कंपायलर, मदरबोर्ड असे एकेक कारण बाद करत महिने गेले. ऑक्टोबरात त्यांनी पेंटियमचा भागाकारच चुकतो आहे असे जाहीर केले. इंटेलला त्यापायी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. नव्या शतकाच्या आरंभी जगभरच्या मदरबोर्डांवरचे कपॅसिटर डोकी फुगून फुटू लागले. आतले विद्युत्-द्रावण सदोष होते. दर १० अंश उष्णतेला कपॅसिटरचे आयुष्य निम्मे होते हा ढोबळ नियम लक्षात घेतला, तर बंद खोलीतल्या कोकणी उन्हाळ्यात अशा बोर्डाचे काय होई ते सांगायला नको. या तिन्ही प्रसंगांत 'दोष तुमचा' असे म्हणण्याचा अधिकार मिळाला तो आधी आपल्याकडचे सर्व काही संशयाच्या कसोटीवर घासून पाहिल्यामुळे.

या कारागिरीला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. तिच्या आसपास चोरीच्या विंडोज होत्या, बिलाविना व्यवहार होते, नव्याच्या भावात खपवलेले जुने भागही होते. शिवाय ती विद्या मराठीत जवळजवळ लिहिलीच गेली नाही. आपल्याकडे संगणकावरची पुस्तके निघाली ती बटणे कुठली दाबावीत हे सांगणारी. यंत्र का रुसते हे सांगणारी विरळाच. सुतार-लोहारांच्या ज्ञानाचे जे झाले तेच याही ज्ञानाचे झाले. ते हातांत राहिले आणि हातांबरोबर चालले आहे.

कारण आता यंत्रेच बदलली आहेत. आजच्या बऱ्याचशा लॅपटॉपांत स्मृती बोर्डावरच डाखलेली असते, फोनची पाठ गोंदाने चिकटवलेली असते. काढून पाहावे, घालून पाहावे, याला जागाच उरलेली नाही. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने २०२२ मध्ये 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली, त्याच वर्षअखेर संकेतस्थळही सुरू केले. हे स्वागतार्ह आहे. तरी हक्क मिळाला म्हणजे विद्या मिळाली असे होत नाही. अनेक कारणांच्या गुंत्यातून एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, खात्री होईपर्यंत कुणावर ठपका न ठेवणे आणि झाली की न कचरता ठेवणे, ही सवय पनवेलसारख्या गावांतल्या कित्येक घरांना एका स्वस्त, कुरकुऱ्या, जुळवलेल्या यंत्राने लावली होती. समाजात काहीही बिघडले की सरसकट फॉरमॅट मारण्याची भाषा बोलली जाते, अशा काळात ती सवय निदान लिहून तरी ठेवली पाहिजे.